दरावर बोलायचं नाही : अमेरिकेच्या आरोग्य सुधारणेतल्या एका सौद्याचं प्रकरण

पुण्याहून किंवा नाशिकहून न्यू जर्सीला मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी सहा महिन्यांची औषधं असतात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानदाराचं बिल. तिकडे तीच गोळी कित्येक पटींनी महाग मिळते हे आता घराघरांत माहीत झालं आहे. ‘अमेरिका म्हणजे महागच’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण या महागाईच्या मुळाशी जी कारणं आहेत, त्यांत एका कायद्यातलं एक कलम आहे. ते कलम कायद्यात कसं आलं आणि ते काढण्याचं वचन देऊन निवडून आलेल्या सरकारच्या हातूनही ते कसं सुटलं, याची नोंद बरीचशी उघड झाली आहे.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे ओबामा सरकार आणि औषध कंपन्या यांच्यातला जून २००९ मधला एक सौदा आहे. ज्यांची भूमिका सार्वजनिक नोंदीत आहे त्या लोकप्रतिनिधींची आणि अधिकाऱ्यांची नावं दिली आहेत. मधल्या फळीतले कर्मचारी आणि लॉबिइस्ट, म्हणजे उद्योगांच्या वतीने लोकप्रतिनिधींना वळवण्याचं काम करणारे पगारी लोक, यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण प्रश्न त्या व्यक्तींचा नाही.

पार्श्वभूमी : २००३ ची रात्र

मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठीची सरकारी विमा योजना १९६५ साली मंजूर झाली. पुढे अपंगांनाही ती लागू झाली. रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा खर्च ती उचलायची, घरी घ्यायच्या औषधांचा मात्र नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांच्या रोज घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या, तसा निवृत्त माणसाचा महिन्याचा हिशेब कोलमडू लागला. सीमेलगतच्या राज्यांतून वृद्ध माणसं बस भरून कॅनडात औषधं आणायला जाऊ लागली.

जॉर्ज बुश यांच्या सरकारने २००३ मध्ये ही उणीव भरून काढणारं विधेयक आणलं. मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा आला, ही चांगली गोष्ट होती. पण त्याच विधेयकात एक कलम होतं. औषध कंपन्या, फार्मसी आणि खासगी विमा योजना यांच्यात दराची बोलणी चालतील, त्यात आरोग्य मंत्र्यांनी हस्तक्षेप करायचा नाही. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने एकगठ्ठा दर मागायचाच नाही. माजी सैनिकांसाठीचं सरकारी आरोग्य खातं त्याच कंपन्यांशी घासाघीस करून बरेच कमी दर मिळवत होतं, म्हणून हे जास्तच खटकतं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात आली. सुमारे ६० लाख गरीब वृद्ध आणि अपंग तोपर्यंत मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेतून औषधं घेत होते. तिथे कंपन्यांना कायद्याने सूट द्यावी लागे. नव्या कायद्याने त्यांना मेडिकेअरमध्ये आणलं आणि ती सूट गेली. रुग्ण तेच, गोळी तीच, पण कंपनीला मिळणारी रक्कम वाढली.

२२ नोव्हेंबर २००३ रोजी प्रतिनिधीगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, पहाटे तीनच्या सुमारास मतदान सुरू झालं. असं मतदान एरवी १५ मिनिटांत उरकतं. ते जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं गेलं, कारण विधेयक २१६ विरुद्ध २१८ असं हरत होतं. पक्षाचे नेते सदस्यांना गाठत फिरत होते आणि खुद्द आरोग्य मंत्री सभागृहात उतरले होते. मिशिगनचे सदस्य निक स्मिथ यांच्या मुलाची निवडणूक तोंडावर होती. बापाने बाजूने मत दिलं तर मुलाला पाठिंबा जाहीर करू, असं बहुमताचे नेते टॉम डिले यांनी सांगितल्याचं पुढे सभागृहाच्या नीती समितीने नोंदवलं आणि त्यांना समज दिली. स्मिथ यांनी विरोधातच मत दिलं. पहाटे सहाच्या आत निकाल फिरला : २२० विरुद्ध २१५.

त्या मतदानाआधी सदस्यांसमोर दहा वर्षांच्या खर्चाचा ३९५ अब्ज डॉलरचा अंदाज होता. मेडिकेअरचे मुख्य विमागणिती रिचर्ड फॉस्टर यांचं गणित ५०० अब्जांच्या पुढे जात होतं. तो आकडा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिला तर नोकरी जाईल, अशी ताकीद त्यांना योजनेचे प्रमुख थॉमस स्कली यांच्याकडून मिळाली होती. विधेयकावर सही झाल्यावर, जानेवारी २००४ मध्ये सरकारने ५३४ अब्ज हा आकडा मान्य केला. स्कली तोवर नोकरी सोडून आरोग्य उद्योगातले अशील असलेल्या एका वकिली संस्थेत गेले होते. विधेयकावर काम करत असतानाच नव्या नोकरीची बोलणी करण्याची खास परवानगी त्यांना मिळालेली होती.

विधेयक ज्या समित्यांकडे होतं त्यांतल्या एकीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे बिली टॉझिन. जानेवारी २००५ मध्ये ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे, म्हणजे ‘फार्मा’चे अध्यक्ष झाले. पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. २००४ मध्ये त्यांना कर्करोग झाला, एका नव्या औषधाने ते वाचले, आणि म्हणून आपण या क्षेत्रात आलो असं ते सांगत. ते खरं मानूनही माझी तक्रार उरते. कायदा लिहिणाऱ्याला त्याच कायद्याचा फायदा झालेल्या उद्योगात एका वर्षाच्या अंतराने जाता येत असेल, तर कायदा लिहिताना तो कुणाकडे बघत होता हे मतदाराला कधीच कळत नाही.

प्रश्न : वचन आणि आठवण

२००८ च्या प्रचारात बराक ओबामा यांनी टॉझिन यांचं उदाहरण घेऊन दूरचित्रवाणीवर जाहिरात केली होती. मेडिकेअरला दराची बोलणी करू देऊ, परदेशातून स्वस्त औषधं आणू देऊ आणि आरोग्य सुधारणेच्या वाटाघाटी कॅमेऱ्यासमोर करू, अशी त्यांची वचनं होती.

जानेवारी २००९ मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये आले तेव्हा देशात साडेचार कोटींहून अधिक माणसं विम्याविना होती. त्यांना विमा देणं हे मुख्य काम, औषधांचे दर हा त्यातला एक धागा. आणि सगळ्यांच्या मनात १९९३-९४ ताजं होतं. क्लिंटन यांच्या योजनेविरुद्ध विमा कंपन्यांच्या संघटनेने ‘हॅरी आणि लुईस’ या मध्यमवर्गीय जोडप्याच्या जाहिराती केल्या. स्वयंपाकघरात बसून ते दोघे बिलं चाळत चिंता करत. योजना सभागृहात मतदानापर्यंतही पोचली नाही. त्या पराभवानंतर १५ वर्षं कुणी या विषयाला मोठा हात घातला नव्हता.

पैशाचं प्रमाण असं होतं : २००९ या एका वर्षात आरोग्य क्षेत्राने वॉशिंग्टनमधल्या लॉबिइंगवर ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. त्यातले सुमारे २.६ कोटी एकट्या ‘फार्मा’चे. निवडणुकीच्या देणग्या यात धरलेल्या नाहीत.

आपल्याकडे अशा पैशाचं चित्र डोळ्यांसमोर येतं ते पाकिटाचं. इथे तसं काही नव्हतं, सगळं कायद्यात बसणारं होतं. सिनेट या वरच्या सभागृहाच्या अर्थ समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस यांच्या कार्यालयातले माजी कर्मचारी औषध उद्योगासाठी लॉबिइंग करत होते. त्यांना समितीचं काम, तिथली माणसं, कोणतं वाक्य कुठे अडेल हे सगळं ठाऊक होतं. मसुदा तयार व्हायच्या आधीच ते खोलीत असत. कॅन्सरच्या एखाद्या रुग्णाला अशी सोय नसते.

नोव्हेंबर २००९ मध्ये उघड झालेला एक प्रकार मला सगळ्यांत बोलका वाटतो. जेनेनटेक या जैविक औषधं (सजीव पेशींपासून बनणारी औषधं) बनवणाऱ्या कंपनीच्या लॉबिइस्टांनी निवेदनाचे मसुदे लिहिले, आणि ४२ सदस्यांच्या नावे काँग्रेसच्या अधिकृत नोंदीत छापून आलेल्या निवेदनांत त्यातले मुद्दे सापडले, काहींत तर तेच शब्द. २२ रिपब्लिकन, २० डेमोक्रॅट.

समोरचे पर्याय

व्हाइट हाउसपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, उद्योगाशी उघड लढाई : दराची बोलणी विधेयकात घालायची आणि जाहिरातींचा मारा सोसायचा. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागत आणि डेमोक्रॅट पक्षाची मतं जेमतेम तेवढी जुळत होती. एक सिनेटर फुटला तरी सगळं संपलं असतं.

दुसरी, उद्योगाशी आधीच समझोता करून त्याला विरोधकांच्या रांगेतून बाहेर काढायचं.

तिसरी, अर्थसंकल्पी विधेयकाचा मार्ग, जिथे साधं बहुमत पुरतं. पण तिथे फक्त जमाखर्चाशी थेट संबंध असलेल्या तरतुदी चालतात. विमा बाजाराचे नियम त्यात बसले नसते.

पर्याय तोलताना एक गैरसोयीची गोष्ट होती, ती लपवणं बरोबर नाही. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने पूर्वीच सांगितलं होतं की नुसतं ते कलम काढून मंत्र्यांना बोलणी करायची मुभा दिली, तर बचत नगण्य होईल. कारण ‘हा दर नाही जमला तर तुमचं औषध यादीत घेणार नाही’ असं म्हणायची ताकद मंत्र्यांकडे नव्हती. हात रिकामे असतील तर घासाघीस होत नाही हे भाजीबाजारात जाणाऱ्या कुणालाही समजतं. म्हणजे खरी मागणी दोन गोष्टींची हवी होती, बोलणीची मुभा आणि ती न जुमानणाऱ्याला बसणारा दणका. दुसऱ्या गोष्टीची चर्चा २००९ मध्ये फारशी झालीच नाही.

निर्णय : जूनचा सौदा

व्हाइट हाउसने दुसरी वाट धरली. २० जून २००९ रोजी बॉकस आणि ‘फार्मा’ यांनी जाहीर केलं की उद्योग दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरचा भार उचलेल. त्यातला लोकांना समजणारा भाग असा : मेडिकेअरच्या औषध विम्यात एका ठरावीक खर्चानंतर विमा थांबायचा आणि बऱ्याच पुढे जाऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्या मधल्या खड्ड्यात रुग्णाला पूर्ण किंमत स्वतः भरावी लागे. तिथे कंपन्या आपल्या ब्रँडेड औषधांवर ५० टक्के सवलत देणार होत्या. मेडिकेडमधली सूटही वाढणार होती.

बदल्यात काय दिलं, हे त्या दिवशी सांगितलं गेलं नाही.

ते जाहीर केलं उद्योगानेच. जुलैच्या अखेरीस प्रतिनिधीगृहात, टॉझिन यांच्याच जुन्या समितीत दराच्या बोलणीची दुरुस्ती आली. समितीचे नवे अध्यक्ष हेन्री वॅक्समन स्वतःला त्या सौद्याने बांधलेलं मानत नव्हते. मग ऑगस्टच्या सुरुवातीला टॉझिन यांनी वर्तमानपत्राला सांगितलं की ८० अब्जांच्या पलीकडे आमच्याकडून काही घ्यायचं नाही आणि दराच्या बोलणीला थारा द्यायचा नाही असं आम्हाला आश्वासन मिळालं आहे. व्हाइट हाउसपुढे तेव्हा दुसरा निर्णय उभा राहिला. नाकारायचं, की मान्य करायचं? त्यांनी मान्य केलं. आपल्याच पक्षाच्या सदस्यांना ही बातमी पेपरातून कळली.

२०१२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने त्या काळातले ईमेल प्रसिद्ध केले. ही समिती तेव्हा विरोधी पक्षाच्या ताब्यात होती, त्यामुळे निवड त्यांच्या सोयीची असणार हे धरून चालावं. तरी बोलणी किती तपशिलात गेली होती आणि सुधारणेच्या बाजूने जाहिराती करण्याचा विषयही तीत कसा होता, हे त्यांतून दिसतं. उद्योगाने जाहिरातींसाठी १५ कोटी डॉलरपर्यंत तयारी ठेवल्याच्या बातम्या तर २००९ मध्येच आल्या होत्या. त्या वर्षीच्या जुलैत हॅरी आणि लुईसची भूमिका करणारे तेच दोन कलाकार पुन्हा पडद्यावर आले, या वेळी सुधारणेच्या बाजूने, आणि पैसे देणाऱ्यांत ‘फार्मा’ होती.

दुसऱ्या एका उद्योगाने काय केलं तेही इथे बघायला हवं. विमा कंपन्यांची संघटना चर्चेच्या टेबलावर बसलेली होती. त्याच काळात तिने ८ कोटी ६० लाख डॉलर ‘यूएस चेंबर ऑफ कॉमर्स’ या व्यावसायिकांच्या संघटनेकडे वळवले. ते विधेयकाच्या विरोधासाठी वापरले गेले, असं पुढच्या वर्षी बाहेर आलं. टेबलावर बसलेला माणूस लढाईतून बाहेर पडलेला असतोच असं नाही.

कसोटी : डिसेंबरचं मतदान

नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने आपलं विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केलं. आकडा योगायोगाने २००३ चाच. त्यात दराच्या बोलणीची तरतूद होती. सिनेटच्या विधेयकात ती नव्हती, आणि शेवटी कायदा झाला तो सिनेटच्या मसुद्याचा.

१५ डिसेंबरला सिनेटमध्ये नॉर्थ डकोटाचे डेमोक्रॅट बायरन डॉर्गन यांची दुरुस्ती मतदानाला आली : कॅनडासारख्या देशांतून औषधं आयात करू द्यावीत. जॉन मॅकेन त्यांच्या बाजूने होते. सिनेटर असताना ओबामांनी याच कल्पनेच्या विधेयकाला आपलं नाव दिलं होतं. पण आयात होऊ न देणं हा सौद्याचा भाग होता. मतदानाआधी औषध प्रशासनाच्या आयुक्तांचं पत्र आलं, त्यात आयात औषधांच्या सुरक्षिततेबद्दल चिंता होती. ती चिंता पूर्ण निराधार नव्हती, पण ते पत्र नेमकं त्याच सुमारास यावं हा निव्वळ योगायोग नव्हता, असं डॉर्गन यांच्यासारखंच मलाही वाटतं. बाजूने ५१, विरोधात ४८. हवी होती ६०. बहुमत मिळूनही दुरुस्ती पडली.

जैविक औषधांच्या बाबतीतही असंच झालं. मूळ कंपनीला किती वर्षं एकाधिकार द्यावा? व्हाइट हाउसने सात वर्षं सुचवली होती. दोन्ही सभागृहांतल्या समित्यांनी १२ ठरवली, आणि कायद्यात १२ च राहिली.

निष्पत्ती

२३ मार्च २०१० रोजी ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यावर सही झाली. त्याने कोट्यवधी माणसांना विमा मिळाला. आधीच्या आजारासाठी विमा नाकारणं बंद झालं. औषधांच्या विम्यातला खड्डा पुढच्या दहा वर्षांत भरत गेला. मी ज्या सौद्यावर टीका करतो आहे त्याच्याशिवाय हे सगळं मंजूर झालं असतं का, याची खात्री कुणालाच देता येणार नाही. सौदा करणारी माणसं भ्रष्ट होती असंही मला वाटत नाही. ती घाबरलेली होती, आणि भीती घालायला लागणारा पैसा समोरच्याकडे होता. १९९४ मध्ये त्या पैशाने जाहिराती विकत घेतल्या होत्या. २००९ मध्ये त्या जाहिरातींची नुसती आठवण पुरली.

टॉझिन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये राजीनामा जाहीर केला. संघटनेतल्या काही कंपन्यांना त्यांनी सरकारला जरा जास्तच दिल्यासारखं वाटत होतं.

कलम मात्र जागच्या जागी राहिलं. ते वाकलं ऑगस्ट २०२२ मध्ये. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाल्यावर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने, अर्थसंकल्पी विधेयकाच्या त्याच वाटेने. या वेळी दणक्याची सोय होती : बोलणी झुगारणाऱ्या कंपनीवर जबर कर. पण उद्योगाने इथेही आपली छाप सोडली. दर लागू व्हायला गोळ्यांना बाजारात ९ वर्षं आणि जैविक औषधांना १३ वर्षं झालेली असावी लागतात, आणि पहिल्या यादीत फक्त १० औषधं. त्यांत मधुमेहाची ‘जानुव्हिया’ होती. तिचा महिन्याचा ५२७ डॉलरचा दर ११३ वर आला. तीच सिटाग्लिप्टिन, जिचं पेटंट भारतात जुलै २०२२ मध्ये संपलं आणि जिच्या स्वस्त गोळ्या आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. नवे दर १ जानेवारी २०२६ पासून. २००३ च्या त्या पहाटे जे ६५ वर्षांचे होते, त्यांतले जे हयात आहेत ते तेव्हा ८७ वर्षांचे.

काय वेगळं करता आलं असतं

सौदा करायचाच होता तर त्याला मुदत घालता आली असती. दहा वर्षांचे ८० अब्ज देणाऱ्या उद्योगाला दराच्या बोलणीतून दहा वर्षं सूट, हे निदान समजण्यासारखं होतं. प्रत्यक्षात रक्कम मोजून घेतली आणि सूट बेमुदत दिली. ही मला या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक वाटते. गुप्ततेपेक्षाही मोठी.

गुप्ततेचं नुकसान वेगळ्या प्रकारचं होतं. अटी २० जूनलाच लिहून जाहीर केल्या असत्या, तर वॅक्समन आणि डॉर्गन यांना आपल्या दुरुस्त्या कशाशी भिडणार आहेत हे आधी कळलं असतं. ८० अब्ज पुरेसे आहेत का, यावर अंदाजपत्रक कार्यालयाचं मत मागवता आलं असतं. ऑगस्टमध्ये सरकारला आपल्याच माणसांसमोर कबुली द्यावी लागली, ती वेळ टळली असती. कॅमेऱ्यासमोरच्या वाटाघाटींचं वचन दिल्यानंतर तर हे करायलाच हवं होतं.

माजी सदस्यांना लॉबिइंगसाठी प्रतिनिधीगृहात एक वर्ष आणि सिनेटमध्ये दोन वर्षं मनाई आहे. पण संघटनेचं प्रमुखपद घ्यायला ती आड येत नाही. ज्या उद्योगाबद्दल कायदा लिहिला त्याचा पगार किमान पुढच्या दोन निवडणुकांपर्यंत घ्यायचा नाही, एवढा साधा नियम २००३ मध्ये असता तर टॉझिन यांच्याबद्दलचा संशय तरी उरला नसता.

आणि फॉस्टर यांचा आकडा. खर्च ४०० अब्जांच्या वर गेला तर आपण मत देणार नाही, असं सत्ताधारी पक्षातल्याच १३ सदस्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. आकडा सरकारी कार्यालयात तयार होता आणि तो मागणारे सदस्य त्याच शहरात होते. त्या पहाटे २२० मधले तीन जण फिरले असते, तर निकाल २१७ विरुद्ध २१८ झाला असता.